बिऱ्हाड पाठीवर, किल्ली कुणाच्या हातात?

घरासारखी मांडलेली मोटार घ्यायची, मागे डोंगरात चालवायच्या सायकली अडकवायच्या, बरोबर कुत्रा घ्यायचा आणि महिनोन्‌महिने देशभर हिंडत राहायचं. अमेरिकेत असं जगणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांत बायकाही पुष्कळ आहेत. या अंकासाठी मी हा विषय सुचवला तेव्हा आमच्याच गटातल्या दोघीतिघींनी नाकं मुरडली. टँकरमागे धावणाऱ्या बायकांचे प्रश्न सोडून पैसेवाल्यांच्या शौकांवर काय लिहायचं? आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही. पण बाई आणि घर यांच्या नात्याबद्दल आपण गेली कित्येक वर्षं बोलतो आहोत, तेव्हा घरालाच चाकं लावली की त्या नात्याचं काय होतं हे पाहायला काय हरकत आहे?

या गाडीला तिकडे आरव्ही म्हणतात. आत झोपायची जागा, गॅसची शेगडी, फ्रिज, मोरी आणि संडास. बहुतेक राज्यांत ती चालवायला वेगळा परवाना लागत नाही, साध्या मोटारीचा चालतो. माझी एम. एस. डब्ल्यू.च्या वर्गातली एक मैत्रीण कोलोरॅडोत स्थायिक झाली आहे. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिने अशी एक जुनी गाडी घेतली. तिच्याबरोबर आणि तिच्या कुत्रीबरोबर मी तीन आठवडे त्या गाडीत राहिले. कोलोरॅडोतल्या फ्रूटा गावापासून यूटा राज्यातल्या मोअ‍ॅबपर्यंत आम्ही रमतगमत गेलो. हा सगळा लाल दगडांचा, उन्हाने भाजून निघालेला मुलूख. डोंगरातल्या सायकलवाल्यांची ही पंढरीच.

आरव्हीवाल्यांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे कानावर येतात, गुलाबी कामं आणि निळी कामं. गाडी चालवणं, ती मागे घेऊन जागेवर लावणं, विजेची जोडणी करणं, टाक्या रिकाम्या करणं ही निळी. स्वयंपाक, धुणं, केर, बाजारहाट आणि गाडी मागे घेताना पाठीमागे उभं राहून ‘ये, ये, थांब’ अशा खुणा करणं ही गुलाबी. जेमतेम वीस-पंचवीस फूट लांबीचं ते घर, पण त्याच्याही मधून ही भिंत जाते! गंमत म्हणून बोलतात, कुणी रागावून बोलत नाही. आपल्याकडेही हे सगळं हसतखेळतच चालतं, म्हणून तर ते इतकं टिकतं.

माझ्या मैत्रिणीच्या गाडीत रंग एकच, कारण माणूसच एक. मैल्याची टाकी रिकामी करण्याचं काम मी तिच्याबरोबर पहिल्यांदा केलं. हातमोजे घालायचे, जाडा पाइप नीट बसवायचा, आधी मैल्याची टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. दहा मिनिटांचं काम. मैत्रीण म्हणाली, “घरच्यांना फोनवर सगळं सांगते, हे मात्र अजून सांगितलेलं नाही.” तिचं घर पुण्यातलं, चांगलं सुशिक्षित. आपली घाण स्वतः काढणं हे काम आपल्याकडे जातीने दुसऱ्याच्या माथी मारलेलं. मैला हाताने वाहून नेण्याविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये पुन्हा नव्याने करावा लागला, आणि तरी गटारांत उतरून माणसं मरतात. तेव्हा उच्चवर्णीय घरातल्या बाईने परदेशात आपली टाकी आपण रिकामी केली याचं कौतुक नको, पण ती गोष्ट घरी सांगायची लाज का वाटते याचा विचार जरूर व्हावा.

रस्त्यावरचं साहित्य पाहिलं तर त्यात पुरुष आणि कुत्रा ही जोडी फार लाडकी. जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये ट्रकवर खोली बसवून, चार्ली नावाचा पूडल कुत्रा घेऊन देश पाहायला निघाला. त्याचं पुस्तक १९६२ मध्ये आलं, खूप गाजलं. एकटा पुरुष, मुका सोबती आणि समोर मोकळा रस्ता हे चित्र वाचकांच्या मनात पक्कं झालं. पुढे एका पत्रकाराने त्या मार्गाचा पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की प्रवासाच्या बऱ्याच भागात त्याची बायको एलेन बरोबर होती. छापलेल्या पुस्तकात मात्र ती अधूनमधून भेटीला आल्यासारखी दिसते. कुत्र्याचं नाव पुस्तकाच्या नावात आणि बायको जवळजवळ गायब. मला यात स्टाइनबेकला झोडपायचं नाही, त्याचं लेखन मला आवडतं. पण एकटेपणाचं हे वैभव अनेकदा कुणाला तरी खोडून मिळवलेलं असतं.

बायका तोवर घरात बसून होत्या असं मात्र नाही. ॲनी कॉपचोव्स्की ही तीन मुलांची आई १८९४ मध्ये बॉस्टनहून सायकलवर जगप्रवासाला निघाली. एका पाण्याच्या कंपनीने जाहिरातीची पाटी सायकलला लावायचे शंभर डॉलर दिले आणि तिने त्या कंपनीचं ‘लंडनडेरी’ हे नावही घेतलं. निघण्यापूर्वी तिला सायकल धड येतही नव्हती. दारूबंदी चळवळीतली फ्रान्सिस विलर्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकली आणि १८९५ मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिलं. ॲलिस रॅम्झी १९०९ मध्ये बावीस वर्षांची असताना न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मोटार चालवत गेली. एकोणसाठ दिवस लागले, अकरा टायर बदलले. बरोबर तिघी बायका होत्या, पण त्यांतल्या एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे सगळा भार एकीवर! अर्थात या सगळ्या गोऱ्या. काळ्या माणसांना त्याच देशात प्रवास करताना कुठल्या हॉटेलात उतरू देतील, कुठे पेट्रोल मिळेल हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ ही पुस्तिका १९३६ पासून तीस वर्षं जवळ बाळगावी लागली. मोकळा रस्ता सगळ्यांना सारखा मोकळा कधीच नव्हता.

डोंगरातली सायकल ही त्या मानाने अलीकडची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगण्यात १९७६ मध्ये काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगराच्या कच्च्या वाटेवरून खाली सोडून शर्यती लावू लागली. ब्रेक इतके तापायचे की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते दर वेळी नव्याने भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग ही जवळजवळ एकटीच बाई. ती सायकल चालवायची आणि फोटोही काढायची. त्या दिवसांचा चित्रमय इतिहास म्हणून आज जो दाखवतात तो बराचसा तिच्या कॅमेऱ्यातला. नंतर जॅकी फेलनने १९८३ पासून सलग तीन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि बायकांसाठी वेगळा गट काढला, त्याच्या नावात सायकलबरोबर चहाही होता. शर्यत नको, हिणवणं नको, एकत्र चालवायचं, पडायचं, शिकायचं आणि मग चहा प्यायचा. या कल्पनेचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्या महिला मंडळांतही चहा असतो, पण त्याआधी गुडघे फुटलेले नसतात! १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा स्त्री-पुरुष दोघांच्याही स्पर्धा एकदमच सुरू झाल्या. मॅरेथॉनसाठी बायकांना १९८४ पर्यंत थांबावं लागलं होतं, त्यामुळे हे मला महत्त्वाचं वाटतं.

फ्रूटाच्या उत्तरेला सोप्या वाटा आहेत, तिथे मीही चालवली. पस्तिशीनंतर पडायची भीती वाटते. ती भीती दुखण्याची कमी आणि ‘या वयात कशाला हवेत असले उद्योग’ या वाक्याची जास्त. लहानपणी मुलगा पडला तर शूर, मुलगी पडली तर डाग राहील म्हणून काळजी. आपलं शरीर सांभाळून ठेवायची वस्तू आहे असं आपल्याला इतक्या लवकर शिकवलं जातं की ते वापरायचं असतं हे ध्यानातच येत नाही. तिथल्या मातीत एक ओळखीची गोष्ट भेटली. चाकात काटा रुतला म्हणून पाहिलं तर चक्क सराटा! आपल्या माळरानावरचा गोखरू. तिकडे तो बाहेरून येऊन माजलेला आहे, सायकलचे टायर आणि कुत्र्यांचे पंजे दोन्हींचा शत्रू.

आता त्या कुत्रीबद्दल. राष्ट्रीय उद्यानांतल्या बहुतेक पायवाटांवर कुत्र्यांना बंदी असते. मोअ‍ॅबजवळच्या आर्चेस आणि कॅनियनलँड्स या दोन्ही उद्यानांत तसंच. शिवाय तो खरबरीत दगड पंजे सोलून काढतो. गाडीत ठेवावं तर बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंश सेल्सिअसने चढतं, उन्हाळ्यात तो सरळसरळ मृत्यू. तेव्हा कुणीतरी मागे थांबायला हवं. आम्ही पाळी लावली होती. पहाटे ती जायची, ती परत आली की मी. आणि मी थांबले की आजूबाजूला पाहत बसायचे.

पाहिलं ते असं. जिथून सायकलच्या वाटा सुरू होतात तिथे सकाळी गाड्या येऊन लागतात. पुरुष टायरांत हवा भरतो, पाण्याच्या बाटल्या लावतो, ‘दोन तासांत येतो’ म्हणून निघून जातो. चांदणीखाली खुर्ची टाकून, हातात पट्टा धरून बाई बसते. तिची सायकलही गाडीला अडकवलेली असते, बरं का! दोन तासांचे तीन होतात. तो धुळीने माखलेला, आनंदाने फुललेला परत येतो, तोवर ऊन चढलेलं असतं आणि तिची पाळी ‘उद्या’वर जाते. सगळी जोडपी अशी होती असं मी म्हणणार नाही, नेमाने पाळी पाळणारीही होती. पण बसलेल्या बायका मोजल्या तर बसलेल्या पुरुषांपेक्षा रोज जास्त भरायच्या. एकीशी गप्पा झाल्या. ती म्हणाली, “त्याला सोडून कुत्रा राहतो, मला सोडून राहत नाही.” हे वाक्य मी कुठे कुठे ऐकलं आहे! मूल आईशिवाय राहत नाही, सासूबाईंना सूनच लागते, गुरं हिच्याच हाताला सवयीची. ज्याची सवय तिने लावली त्याचाच खुंटा होतो.

एकट्या फिरणाऱ्या बायकांसाठी मात्र हाच कुत्रा मोकळं करणारा असतो. माझी मैत्रीण सांगते की तिच्यामुळे मी अनोळखी जागी रात्री झोपू शकते. सरकारी मोकळ्या जमिनींवर साधारण चौदा दिवस फुकट राहता येतं, आजूबाजूला मैल मैल कुणी नसतं. गाडीच्या पायरीजवळ ती पुरुषी मापाचे मोठे बूट ठेवते. एकट्या फिरणाऱ्या बायका एकमेकींना ही युक्ती सांगतात, कुत्रा नसला तरी त्याचं मोठं भांडं बाहेर ठेवायलाही सांगतात. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. आपल्याकडे लग्न न झालेल्या बायका रात्रीच्या गाडीने जाताना खोटं मंगळसूत्र घालतात, त्याच जातीची ही युक्ती. बाई एकटी असणं हे लपवायचं, कुणाची तरी मालकी दाखवायची, निदान कुत्र्याची तरी सोबत! १९९१ मध्ये तिकडे बायकांनी केवळ बायकांचा आरव्ही क्लब काढला, तो याच कारणाने. चार गाड्या एकत्र लागल्या की बुटांची गरज राहत नाही.

इथवर जे लिहिलं ते हौसेने फिरणाऱ्यांबद्दल. दुसरा एक मोठा गट नाइलाजाने फिरतो. जेसिका ब्रूडरने २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांचं चित्र मांडलं, पुढे त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. साठी ओलांडलेल्या, घरभाडं न परवडणाऱ्या बायका गाडीत राहतात, कधी जंगलातल्या छावण्यांवर संडास साफ करतात, कधी बिटाच्या हंगामात राबतात, कधी ॲमेझॉनच्या गोदामांत. त्या कंपनीने अशा फिरत्या लोकांसाठी वर्षानुवर्षं खास योजनाच चालवली होती. ही वेळ बायकांवर जास्त का येते? तिथलं सरकारी निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या पस्तीस वर्षांच्या सरासरीवर ठरतं. मुलं वाढवण्यात, आजाऱ्यांची सेवा करण्यात गेलेली बिनपगारी वर्षं त्यात शून्य म्हणून धरली जातात. पस्तिसांतली दहा वर्षं शून्य धरून पाहा म्हणजे कळेल. नवऱ्याच्या हिशेबातून थोडं मिळतं, पण घटस्फोट झाला असेल तर लग्न किमान दहा वर्षं टिकलेलं असावं लागतं. नऊ वर्षं सोसलेल्या बाईला काही नाही. बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये संसार भरून उसाच्या फडावर जाणारी बीडची बाई मला तिथे वारंवार आठवली. दोघींच्या हालअपेष्टांची तुलना होणार नाही, पण दोघींचंही बिऱ्हाड हंगाम आणि मुकादम ठरवतो. त्याला भटकंतीचं स्वातंत्र्य म्हणून गौरवणाऱ्यांचा मला राग येतो.

आता मोअ‍ॅबची ती गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

१२ ऑगस्ट २०२१ रोजी मोअ‍ॅबमध्ये एका माणसाने पोलिसांना फोन केला, एक तरुण एका मुलीला मारतो आहे. पोलिसांनी आर्चेस उद्यानाच्या प्रवेशाजवळ एक पांढरी व्हॅन थांबवली. आत बावीस वर्षांची गॅबी पेटिटो आणि तिचा नियोजित वर होता. दोघं चार महिन्यांच्या भटकंतीला निघाली होती, रोज हसरे फोटो प्रसिद्ध करत होती. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात पुढचं सगळं नोंदलेलं आहे. ती रडते आहे, माझंच चुकलं म्हणते आहे, मीच आधी मारलं म्हणते आहे. त्याने माझा चेहरा धरला हेही सांगते. तो शांत, हसतमुख, पोलिसांशी गप्पा मारतो. पोलिसांनी निष्कर्ष काढला की आक्रमक तीच. गुन्हा कुणावरच नोंदवला नाही, एका रात्रीपुरतं दोघांना वेगळं ठेवलं. १९ सप्टेंबरला वायोमिंग राज्यातल्या जंगलात तिचं प्रेत सापडलं. गळा दाबून मारलं होतं. तो त्याआधीच तिचीच व्हॅन घेऊन फ्लॉरिडाला घरी परतला होता. पुढे त्याने आत्महत्या केली आणि त्याच्या वहीत खुनाची कबुली मिळाली.

गाडी तिच्या नावावर होती, हे लक्षात घ्या. त्या रात्री पोलिसांनी गाडी तिच्याकडेच ठेवून त्याला हॉटेलात पोहोचवलं, म्हणजे किल्लीही तिच्याच हातात होती. तरी ती वाचली नाही. घर नावावर करा, मालमत्ता नावावर करा ही आपली मागणी योग्यच आहे, पण नाव आणि ताबा यांच्यामध्ये भीती उभी असते. समाजकार्यात आम्ही हे रोज पाहतो. ‘माझंच चुकलं’ म्हणणारी बाई समोर आली की अनुभवी कार्यकर्तीचे कान टवकारतात. पोलिसांनी आधी कुणी मारलं हे विचारलं. कोण कुणाला भितं हे विचारायला हवं होतं. जानेवारी २०२२ मध्ये बाहेरच्या अधिकाऱ्याने केलेल्या चौकशीत मोअ‍ॅब पोलिसांच्या चुका नोंदल्या गेल्या. २०२३ मध्ये यूटा राज्याने कायदा केला की अशा प्रसंगी पोलिसांनी ठरलेले प्रश्न विचारून जिवाचा धोका जोखायचाच. त्याने कधी गळा दाबला आहे का, तो पाळत ठेवतो का, असे ते प्रश्न असतात.

चाकांवरच्या घरात हिंसेचा आणखी एक पदर असतो. शेजार नसतो. भिंतीपलीकडून आवाज ऐकणारी बाई नसते, माहेर हजार मैलांवर, भाषा तीच असली तरी गाव रोज वेगळं. हिंसा करणारा बाईला आधी एकटी पाडतो, इथे ते काम रस्ताच करून देतो. सतत फिरणारे लोक कायद्यापुरता पत्ता म्हणून टेक्सास किंवा साउथ डकोटातल्या टपालपेटीचा वापर करतात, साउथ डकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती पुरते. एका राज्यातल्या न्यायालयाचा संरक्षणाचा आदेश दुसऱ्या राज्यात मानलाच पाहिजे, ही तरतूद १९९४ च्या कायद्याने झाली हे चांगलं झालं. पण पहिला आदेश घ्यायला कुठल्या गावाच्या पायऱ्या चढायच्या? आपल्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात बाई तात्पुरती राहत असेल तिथल्या न्यायालयातही जाता येतं, ही तरतूद आपल्या चळवळीतल्या बायकांनी किती विचार करून मागितली असेल हे मला तिथे जाऊन उमगलं.

गॅबीसाठी सारा देश शोधाला लागला. एका भटक्या कुटुंबाने काढलेल्या व्हिडिओत तिची व्हॅन दिसली, म्हणून जागा सापडली. त्याच वायोमिंगमध्ये २०११ ते २०२० या काळात ७१० आदिवासी व्यक्ती बेपत्ता झाल्याची नोंद एका अहवालात आहे. त्यांच्यासाठी कुणी रात्र रात्र व्हिडिओ चाळले नाहीत.

आणि कुत्रा? मारझोड करणाऱ्या घरातून बाई निघत नाही याच्या कारणांत पाळीव जनावर हे एक खरं कारण असतं. ती गेली तर तो त्याला मारील ही भीती असते, आणि बहुतेक आश्रयगृहांत जनावर चालत नाही. अमेरिकेत २०१८ च्या शेतीविषयक कायद्यात यासाठी तरतूद झाली, जनावरासकट आसरा देणाऱ्या संस्थांना अनुदान मिळू लागलं. हे वाचून आमच्या कार्यालयात कुणी हसलं. मग आमची मदतनीस बाई म्हणाली की तिच्या वस्तीतली एक जण तीन शेळ्यांपायी परत गेली होती. शेळ्या तिच्या होत्या, तिने बचतगटाच्या कर्जातून घेतल्या होत्या, आणि आमच्या अर्जाच्या नमुन्यात मुलांचा रकाना आहे, शेळ्यांचा नाही. पुढच्या बैठकीत तो घालायचं ठरलं आहे.